शून्य निकाल

पेटीचं कुलूप निघालं तेव्हा आमच्या गटातल्या चष्मेवाल्या मुलाने आधी आत हात घातला, तळ चाचपला आणि मग पेटी सरळ उलटी केली. टेबलावर पडलं ते एक कार्ड. जुन्या कॅटलॉगचं, पाच बाय तीन इंचांचं, खालच्या कडेला मधोमध भोक पाडलेलं, कडांना पिवळं पडलेलं. त्यावर पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते : 'तुमचा प्रश्न?' खाली सगळं कोरं. त्याने कार्ड उलटून पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं (इतका वेळ कोडी सोडवल्यावर अदृश्य शाईची शंका येणारच), आणि म्हणाला, "एवढंच?" आवाजात राग नव्हता. आपल्याला कुणीतरी अगदी सभ्यपणे फसवलंय, एवढीच तक्रार होती. बाकीचे हसले, पेटीबरोबर फोटो काढले आणि पांगले. मला मात्र ते 'एवढंच?' घरी घेऊन यावं लागलं, आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना.

लोक ज्या वयात निवृत्तीचे हिशेब मांडतात त्या वयात मी संशोधनासाठी नाव नोंदवलंय. गटातली बाकीची मंडळी माझ्या मुलांच्या वयाची. त्यांनी आल्या आल्या मला 'काकू' करून टाकलं. ते मला आवडलं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची ओळख एरवी कशी करून देतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. अंधार केलेली खोली, पडद्यावर डेटाबेसांची नावं, शेवटी 'काही शंका?' आणि त्यावर एकालाही काही शंका नसणं. या वेळी ग्रंथपाल मॅडमनी भाषणाऐवजी कोडी लावली होती. गोष्ट अशी, की एक जुने ग्रंथपाल निवृत्तीच्या आदल्या संध्याकाळी एक पेटी कुलूपबंद करून नाहीसे झाले आणि कुलपाचे आकडे त्यांनी ग्रंथालयभर पेरून ठेवले. गोष्ट तकलादूच होती. "पेन्शनच्या आदल्या दिवशी कोण पळून जातं?" असं आमच्यातल्या हेडफोनवालीने तोंडावरच विचारलं. पण गोष्टीवर विश्वास नसला तरी कुलपावर असतो. कुलूप दिसलं की माणसाचे हात शिवशिवतात, आणि एवढ्याच एका गोष्टीवर सगळा खेळ उभा होता.

अशा खेळांना आता बराच इतिहास आहे. एमआयटीत दर जानेवारीला होणारी कोड्यांची शोधमोहीम १९८१ पासून चालू आहे. बंद खोलीतून कोडी सोडवत बाहेर पडण्याचा खेळ २००७ मध्ये क्योतोत सुरू झाला आणि बघता बघता जगभर पसरला. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने पाचशे लोकांना रात्रभर आत ठेवून संग्रहातल्या वस्तू शोधायला लावल्या होत्या. पण या सगळ्यात शोध हीच करमणूक असते. आमच्याकडे करमणुकीच्या आडून आम्हाला काहीतरी शिकवायचा डाव होता आणि तो आम्हाला माहीत होता. औषध साखरेत घोळून दिलंय हे कळत असूनही साखर गोड लागतेच.

पहिल्याच कोड्यात आम्ही अडकलो. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ५१०.१२ या क्रमांकाच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर पुढचा आकडा आहे. चष्मेवाला धावत कप्प्यापाशी गेला, ५१०.७ सापडल्यावर उजवीकडे सरकू लागला. "बारा सातच्या पुढेच येणार ना, काकू?" ५१०.९ आलं, मग ५११ सुरू झालं, बाराचा पत्ता नाही. पुस्तक कुणीतरी पळवलं इथपर्यंत चर्चा गेली. प्रत्यक्षात ते डावीकडे, सातच्या बरंच आधी, शांतपणे उभं होतं. दशांश चिन्हानंतरचं बारा हे सातपेक्षा लहान असतं, हे शाळेत शिकलेली आम्ही चार माणसं ज्या कप्प्यासमोर घोळ घालत होतो तो कप्पा होता गणिताचा. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये ही दशांश पद्धत आणली ती याचसाठी. कुठल्याही दोन आकड्यांच्या मध्ये हवा तेव्हा तिसरा घुसवता येतो. ज्ञान वाढलं तरी रांग मोडत नाही.

त्या रांगेपाशी जरा जास्त वेळ उभं राहिलं की मात्र दुसरंच काही दिसू लागतं. २०० हा धर्माचा शतकवर्ग. त्यात २२० पासून २८० च्या दशकापर्यंत ख्रिस्ती धर्म ऐसपैस बसलेला, आणि जगातले बाकी सगळे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने. हिंदू धर्म २९४.५. मराठी साहित्याचा पत्ता ८९१.४६, म्हणजे इंग्रजी, जर्मन, फ्रेंच यांना अख्खी अख्खी दशकं वाटून झाल्यावर 'इतर' म्हणून जे उरलं त्यातल्या एका कोपऱ्यातला दशांश. यात द्वेष असेलच असं नाही. आपल्या खिडकीतून जेवढं जग दिसतं तेवढ्याला माणूस मोठ्या खोल्या देतो. पण हे जाणवल्यापासून मला पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा निव्वळ पत्ता वाटत नाही. तो कुणाच्या तरी मनाचा नकाशाही असतो.

या पत्त्यांचा सगळ्यात खोल विचार आपल्याकडच्या एका गणिताच्या प्राध्यापकाने केला, याचं मला फार अप्रूप वाटतं. शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्या विषयाचं शिक्षण घ्यायला लंडनला गेले. तिथे दुकानात त्यांनी मेकॅनोचा संच पाहिला. पट्ट्या, चाकं, स्क्रू तेच, पण जोडाल तशी वस्तू वेगळी. विषयही असेच सुट्या भागांतून जोडता येतील, हे त्यांना तिथे सुचलं. १९३३ मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध झाली. त्याच्या आधी, १९३१ मध्ये, त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवा. आणि आमच्या मॅडम तर ठरवून, नियोजनबद्ध रीतीने आमचा वेळ घालवत होत्या! हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या चार वर्षांतला वाचवतेय." मला उत्तर पटलं, पण पूर्ण नाही.

कारण ज्या कॉलेजात मी शिकले तिथे वाचकाचा वेळ वाचवणारा एक माणूस होता आणि त्याने आम्हाला काहीही शिकवलं नाही.

तिथे पुस्तकांच्या कप्प्यांपर्यंत आम्हाला जाताच येत नसे. देवघेवीच्या खिडकीत चिठ्ठी भरून द्यायची आणि बाकावर बसून राहायचं. आत एक शिपाईमामा होते. चिठ्ठी वाचत ते ओठ हलवायचे, मग आतल्या अंधारात गडप व्हायचे. त्यांच्या चपलांचा आवाज लांब जायचा, थांबायचा, परत यायचा. पुष्कळदा चिठ्ठीतलं पुस्तक न आणता ते भलतंच आणत. "ते बाहेर गेलंय. हे न्या, त्यात तेच आहे आणि सोपं आहे." आणि ते खरंच सोपं असायचं. कुठल्या विषयाच्या पोरांना परीक्षेच्या आधी काय लागतं, कुठलं पुस्तक जाडजूड पण बिनकामाचं, हे त्यांना कसं कळत होतं देव जाणे. त्यांनी ती पुस्तकं वाचलेली नव्हती एवढं नक्की. त्यांच्या डोक्यातली यादी कुठल्याच कॅटलॉगात नव्हती. आज मला त्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटते आणि थोडा रागही येतो. ते होते म्हणून आमचं अडलं नाही, आणि आमचं अडलं नाही म्हणून त्या खिडकीच्या पलीकडे जाऊ द्या असं आमच्यापैकी कुणीही कधी म्हटलं नाही. पुढे एकदा दुसऱ्या एका ग्रंथालयात पहिल्यांदाच थेट कप्प्यांमध्ये जायला मिळालं. तो वास आठवतोय. जुन्या कागदातला लिग्निन झिजताना त्यातून व्हॅनिलासारखा गंध सुटतो म्हणतात. मला त्यात धूळ, डिंक आणि बंद खोलीही आली. हव्या त्या पुस्तकाशेजारी न मागितलेली पुस्तकं उभी असतात, हा शोध मला तिथे, बऱ्याच उशिरा लागला.

दुसऱ्या मजल्यावरचं कोडं वर्तमानपत्रांचं होतं. जुन्या इंग्रजी दैनिकांच्या डेटाबेसात १९१५ सालची एक बातमी शोधायची, तिच्या मथळ्यातल्या शब्दांची संख्या हाच आकडा. हेडफोनवालीने 'पहिलं महायुद्ध' याचं इंग्रजी टाकलं, साल टाकलं, बटण दाबलं. शून्य निकाल. पुन्हा दाबलं, पुन्हा शून्य. मग तिने साल बदललं, महिना काढून टाकला, इंटरनेटला दोष दिला. चांगला वेळ गेल्यावर चष्मेवाला एकदम ओरडला, "अरे, त्यांना कुठे माहीत होतं दुसरं होणार आहे ते!" १९१५ मध्ये युद्धाला क्रमांक नव्हता. लोक त्याला 'महायुद्ध' नाहीतर 'युरोपातलं युद्ध' म्हणत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांतही कित्येक वर्षं ते 'युरोपियन वॉर' म्हणूनच नांदलं. तिथेच स्वयंपाकाच्या पुस्तकांचं जुनाट 'कुकरी' हे शीर्षक बदलून 'कुकिंग' व्हायला २०१० साल उजाडावं लागलं. म्हणजे शोधताना आपण आपले शब्द घेऊन जातो, पण दार उघडतं ते ज्याने नोंद केली त्याच्या शब्दाने. हे मला कुणी पडद्यावर दाखवलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते. शून्यासमोर बसून चिडल्यामुळे ते पक्कं बसलं.

त्याच मजल्यावर मायक्रोफिल्मचं जुनं यंत्र होतं. एका कोड्यासाठी रीळ चढवावं लागलं. डबा उघडताच भप्पकन व्हिनेगरचा आंबूस वास आला आणि मुलं नाक दाबून मागे सरली. जुन्या ॲसिटेट फिल्मचं विघटन होताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, त्याचा तो वास. ते मरण एका डब्यातून शेजारच्या डब्यालाही लागतं, म्हणून अशी रिळं वेगळी काढून ठेवतात. हँडल फिरवलं की पानं पडद्यावरून सरसर वाहायची, जाहिराती, बाजारभाव, निधनवार्ता, आणि आम्हाला हवी होती फक्त एक तारीख. मला थांबून एक निधनवार्ता वाचायची होती. "काकू, चला ना," म्हणून मला उठवलं गेलं. खेळाची ही खोड मला सगळीकडे खटकत राहिली. पुस्तक उघडायचं ते आकड्यासाठी आणि आकडा मिळाला की मिटायचं. आम्ही त्या दिवशी बरीच पुस्तकं हाताळली आणि एकही वाचलं नाही.

बुलियन शोधाच्या कोड्यावर फार बोलत नाही. जॉर्ज बूलने १८५४ मध्ये तर्काचं बीजगणित मांडलं, त्यातले 'आणि', 'किंवा', 'नाही' हे तीन शब्द आजही प्रत्येक डेटाबेसाच्या तळाशी आहेत. बोलताना 'आणि' म्हटलं की यादी वाढते, शोधताना आटते, याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. अवतरणचिन्हांत टाकलेले शब्द जोडीनेच शोधले जातात, शब्दाच्या शेवटी तारा दिला की त्याची सगळी रूपं येतात. हे सगळ्यांना जमलं. मला गंमत वाटली ती आयएसबीएनच्या कोड्याची. पुस्तकाच्या मागच्या क्रमांकातला एक आकडा शाईने माखलेला आणि तो आम्ही ओळखायचा. तेरा आकडे असतात. त्यांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, ती दहाच्या पटीत आलीच पाहिजे. उदाहरणार्थ ९७८०३०६४०६१५७ : बेरीज बरोबर १००. त्यामुळे एक आकडा झाकला तरी उरलेले बारा त्याची चहाडी करतात. आम्ही कागदावर गुणाकार करत बसलो होतो आणि मला त्या क्रमांकाचा फार आदर वाटू लागला. चूक होणार हे गृहीत धरून, ती पकडायची सोय आपल्या पोटातच घेऊन फिरणारी ही गोष्ट आहे. २००७ च्या आधीच्या दहा आकडी क्रमांकाच्या शेवटी कधीकधी आकड्याऐवजी एक्स दिसायचा, तोही याच हिशेबातला दहा. (तेरा आकडीची एक फट मात्र राहून गेली आहे. शेजारचे १ आणि ६ आपापसात बदलले तर बेरीज तरीही दहाच्या पटीतच येते. जुन्या दहा आकडीला असं फसवता येत नसे.)

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला पालकाने.

कोडं साधं दिसत होतं. 'पालकात लोह भरपूर असतं हा समज दशांश चिन्हाच्या चुकीमुळे पसरला. ही चूक सर्वप्रथम कुणी दाखवली?' ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कुण्या जर्मन शास्त्रज्ञाकडून दशांश चिन्ह एक घर सरकलं, लोहाचं प्रमाण दहापट झालं, आणि त्यावर पॉपाय नावाचा खलाशी जन्माला आला. हेडफोनवालीने शिताफीने फोन काढला आणि कृत्रिम बुद्धीला विचारलं. तत्काळ उत्तर आलं. लेखकाचं नाव, नियतकालिक, खंड, पानं, डीओआयसुद्धा (म्हणजे लेखाला मिळणारा कायमचा क्रमांक), सगळं कसं इस्त्री केलेलं. मॅडमनी काही न बोलता बोटाने संगणकाकडे खूण केली. डीओआय १० ने सुरू होत होता, दिसायला तंतोतंत. पण टाकल्यावर कळलं की असा क्रमांक कुणाला दिलेलाच नाही. त्या खंडात त्या पानांवर भलताच लेख होता. असा लेख जगात नव्हता. मुलगी ओशाळली नाही, उलट तिचे डोळे चमकले. तिला खरं कोडं आत्ता मिळालं होतं.

मग आम्ही हाताने माग काढला. एका पुस्तकात गोष्ट होती, तळटीप दुसऱ्या लेखाकडे नेत होती, तो लेख तिसऱ्याकडे. संदर्भसूची माणसाला मागे मागे नेते. पुढे कोण काय म्हणालं हे तिच्यात दिसत नाही. त्यासाठी यूजीन गारफिल्ड यांनी सायटेशन इंडेक्सची कल्पना १९५५ मध्ये मांडली. ती त्यांना सुचली वकिलांच्या एका जुन्या सोयीवरून, जिच्यात एखाद्या निकालाचा आधार पुढे कुठल्या कुठल्या खटल्यांत घेतला गेला याची नोंद असे. १९६० च्या दशकात विज्ञानाचा तसा इंडेक्स निघू लागला. आज आपण 'यांनी उद्धृत केले' या दुव्यावर टिचकी मारतो ती तीच वाट. आम्ही एकाच वेळी दोन्ही दिशांना चाललो. मागे जाता जाता ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या टेरेन्स हॅम्ब्लिन यांच्या १९८१ च्या लेखाशी पोचलो. तिथे दशांशाची गोष्ट होती. पण तिला संदर्भच नव्हता. खाली पाहिलं, वर पाहिलं, सूची पुन्हा वाचली. वाट तिथे संपत होती. पुढे येता येता २०१० चं माइक सटन यांचं लिखाण सापडलं. त्यांनी हेच सगळं उकरून पाहिलं होतं आणि दशांशाच्या चुकीला काही पुरावाच त्यांना मिळाला नव्हता. पॉपायनेही १९३२ च्या चित्रपट्टीत पालकाचं गुणगान केलं होतं ते लोहासाठी नव्हे, 'अ' जीवनसत्त्वासाठी. मग २०१४ मध्ये नॉर्वेच्या ओले ब्यॉर्न रेकदाल यांनी या सगळ्या साखळीवरच लेख लिहिला, विद्वानांच्या जगातल्या दंतकथा कशा तयार होतात यावर. चूक दाखवणारी गोष्टच चुकीची होती. आणि ती सांगणारे सगळे एकमेकांना शहाणपण शिकवत होते, मूळ कागद न पाहता.

"म्हणजे उत्तर काय लिहायचं?" चष्मेवाला म्हणाला. "कुणीच नाही?"

उत्तराच्या रकान्यात त्याने ० लिहिला. तोच कुलपाचा शेवटचा आकडा होता.

या जागेबद्दल मी मॅडमचं मनापासून कौतुक केलं. तो शून्य आम्हाला फुकट मिळाला नव्हता. सगळ्या वाटा चालून झाल्यावरचा होता. वर्तमानपत्रांच्या डेटाबेसातला सकाळचा शून्य आमच्या अज्ञानाचा होता आणि दुपारचा हा शून्य म्हणजे शोध होता. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. फरक पडद्यावर नसतोच. आपण त्याच्याआधी काय काय करून पाहिलं यात असतो. पण इथेच खेळाची हद्दही संपते. आमचा शून्य बरोबर आहे हे आम्हाला कशामुळे कळलं? कुलूप उघडलं म्हणून. कुणीतरी आधी बसून हे उत्तर ठरवलं होतं, आकड्याचं चक्र तसं लावलं होतं, आणि आम्ही कितीही भरकटलो तरी शेवटी खटका वाजणार याची हमी होती. चष्मेवाल्याचं 'एवढंच?' मला या अंगाने हळूहळू समजत गेलं. त्याची निराशा बक्षिसाबद्दल नव्हती. दिवसभर त्याच्यासाठी कुणीतरी प्रश्न तयार ठेवला होता आणि आता अचानक तो त्यालाच तयार करायला सांगितला होता. त्यात हमी नव्हती, खटका नव्हता. खेळातला सगळ्यात कठीण भाग पेटीत शेवटी ठेवलेला होता, आणि तो खेळाचा भाग नाही अशी सगळ्यांची समजूत झाली. मला विचाराल तर यात थोडा दोष खेळाचाही आहे. खटक्याची चटक लावून मग खटका काढून घेणं हे जरा निष्ठुरच.

पेटीतल्या त्या कार्डावर मी माझा प्रश्न लिहिला आहे. जुन्या छापील मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं. डावीकडे अशुद्ध, उजवीकडे शुद्ध, पानं, ओळी. कधी वर प्रकाशकाची दिलगिरी, कधी सगळा ठपका मुद्रकावर. ही शुद्धिपत्रं कोण तयार करत असे, लेखक, मुद्रितशोधक की कुणी चिकट वाचक? कुठल्या चुका दुरुस्त करण्याजोग्या वाटत आणि कुठल्या सोडून दिल्या जात? यावर कुणी लिहिलंय का, हे पाहायला बसले. शून्य निकाल. आता मी शून्याला घाबरत नाही, म्हणून कामाला लागले. 'शुद्धिपत्र' पहिल्या वेलांटीने, मग 'शुद्धीपत्र' दुसऱ्या, मग 'शुद्धिपत्रक'. मोठ्या परदेशी ग्रंथालयांतल्या मराठी नोंदी पुष्कळदा रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं देऊन केलेल्या असतात, म्हणून तसंही. मग 'ऱ्हस्व' टाकून पाहिलं आणि एक वेगळाच प्रकार कळला. हा अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण ज्या यंत्रणेत याची दखल घेतलेली नाही तिच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. युनिकोड या आजच्या सामायिक अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉन्टांत टंकलेलं जे काही तसंच पडून आहे ते तर आणखीच पलीकडे. म्हणजे माझा शून्य नेमका कुठला, सकाळचा की दुपारचा, हे सांगायला मला अजून तोंड नाही. शिवाय शुद्धिपत्र ही अशी वस्तू की कॅटलॉग करणाऱ्याने ती पाहिली तरी नोंदवलीच पाहिजे असं काही नाही. मुखपृष्ठ, शीर्षक, पानं झाली की पुस्तक मिटलं. आमच्यासारखंच.

परवा संदर्भ विभागात जाऊन मॅडमना म्हटलं, की यावर काहीच नाहीये. त्यांनी हो-नाही काही म्हटलं नाही. "कुठले कुठले शब्द टाकून पाहिलेत?" मी वही पुढे केली, मी आता टाकलेला प्रत्येक शब्द, डेटाबेस आणि तारीख लिहून ठेवते. त्यांनी यादीवरून पेन फिरवलं, शिपाईमामांसारखे ओठ हलवत. "शुद्धाशुद्ध नाही पाहिलंत?" ते पाहिलं नव्हतं. तिथेच उभ्या उभ्या टाकलं. मूठभर नोंदी आल्या. वरच्या सगळ्या सोवळ्या-ओवळ्याच्या निघाल्या; मॅडम हसल्या, मीही हसले. शेवटची एक मुद्रणकलेवरच्या एका जुन्या पुस्तकाची होती, आणि तिच्यासमोर लिहिलं होतं, 'वाचकाकडे'. कोण हा वाचक, असं मी विचारलं. ते सांगता येत नाही, मॅडम म्हणाल्या, पण रांगेत नाव लावता येईल. नाव लावलं आणि वहीत 'शुद्धाशुद्ध' लिहून पुढे तारीख टाकली.